लोणारच्या काठावर

सहल म्हटली की मुलांच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो निघण्याचा दिवस. पहाटेची घाई, मोटारीतील गाणी, शिदोरीतील लाडू आणि परतीच्या वाटेवरील गोड थकवा ह्यांची चित्रे मन रंगवू लागते. परंतु त्या दिवसाच्या कितीतरी आधी सहलीस खरा आरंभ झालेला असतो. ज्या जागी जावयाचे, ती जागा मनाच्या डोळ्यांनी आधी पाहून यावी लागते. अशी पाहणी ज्यांनी केली नाही, ते वाटेत पस्तावतात. ज्यांनी केली, त्यांना ती जागा अधिक चांगली दिसते.

जालना जिल्ह्यातील मंठा येथे एका शाळेच्या सातवीच्या वर्गाने एके वर्षी अशीच एक सहल आखली. दिवाळीची सुटी नुकतीच संपली होती. शिवारात कापसाची वेचणी चालू होती आणि तुरीला फुले आली होती. गुरुजी वर्गात आले आणि म्हणाले, “यंदाची सहल दोन दिवसांची, एक रात्र तंबूत काढावयाची. मात्र सारी आखणी तुम्हीच करा. मी फक्त प्रश्न विचारीन.”

वर्गात एकच गलबला झाला. कोणी अजिंठ्याचे नाव घेतले, कोणी दौलताबादचे. एकाने तर थेट समुद्राचाच हट्ट धरला. मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, “गुरुजी, लोणार आपल्यापासून अवघे ४०-४५ किलोमीटर. जगभरचे लोक ते पाहण्यास येतात आणि आपल्यापैकी निम्म्यांनी ते पाहिलेले नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे आपले झाले आहे.” सारा वर्ग हसला, पण म्हणणे सर्वांना पटले. लोणार ठरले.

गुरुजींनी पहिला प्रश्न टाकला, “लोणार म्हणजे काय?”

“तळे!” वर्ग एका सुरात म्हणाला.

“तळे तर पुष्कळ गावांना असते. मग ह्याच तळ्यासाठी तंबू घेऊन का जावयाचे? आठ दिवसांत उत्तर शोधून आणा. ज्या जागेची ओळख नाही, तिची आखणी करता येत नाही.”

मुलांनी वाचनालय धुंडाळले, भूगोलाच्या शिक्षकांना गाठले, घरच्या वडीलधाऱ्यांना विचारले. आठ दिवसांनी जी माहिती वर्गात गोळा झाली, तिने सारेच चकित झाले.

लोणार बुलढाणा जिल्ह्यात आहे. तेथे जमिनीत एक प्रचंड वाटोळा खळगा आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून काठापासून तळापर्यंतची खोली सुमारे १५० मीटर आहे. भोवतालच्या सपाट शिवारापेक्षा त्याचा काठ सुमारे २० मीटर उंच आहे. त्यामुळे दुरून येणाऱ्याला तेथे काही खोल असेल अशी शंकाही येत नाही. तो काठ चढून जातो आणि अकस्मात पायांपुढे जमीनच नाहीशी होते! खाली गर्द झाडी आणि झाडीच्या मधोमध सव्वा किलोमीटर रुंदीचे पाणी दिसते.

हा खळगा कसा झाला? जुनी कथा अशी, की लवणासुर नावाचा दैत्य तेथे राहून लोकांना छळीत असे. विष्णूने त्याचा वध केला. म्हणून गावातील सुंदर शिल्पांनी नटलेल्या प्राचीन मंदिरातील देवाला दैत्यसूदन असे नाव पडले. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर ह्या ब्रिटिश अधिकाऱ्याने ह्या स्थळाची नोंद केली. पुढे बराच काळ हे एखाद्या ज्वालामुखीचे मुख असावे, असे अनेक विद्वानांना वाटे. दख्खनचा काळा पाषाण सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून बनला आहे. तेव्हा असा तर्क होणे साहजिकच होते.

ह्या प्रश्नाचा निकाल १९७३ साली लागला. भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनी विवराच्या तळात खोल छिद्रे पाडून तेथील दगड वर काढले व तपासले. त्यांतील काही खनिजे जबरदस्त आघाताने काचेसारखी झालेली आढळली. असा आघात ज्वालामुखीने होत नाही. तो आकाशातून अतिशय वेगाने येणाऱ्या अशनीनेच होतो. लोणारचे विवर अशनीच्या आघाताने झाले आहे हे सिद्ध झाले. काळ्या पाषाणात झालेली अशी विवरे पृथ्वीवर फार थोडी आहेत आणि त्यांत इतके सुस्थितीत राहिलेले लोणारच होय. त्याचे वय सुमारे ५०,००० वर्षे असावे असा पूर्वीचा अंदाज होता. अलीकडच्या एका मापनानुसार ते सुमारे ५,७०,००० वर्षे आहे. शास्त्रज्ञांची ह्याविषयी अजून एकवाक्यता झालेली नाही.

“आता कळले का, तंबू घेऊन का जावयाचे ते?” गुरुजी म्हणाले. “बरे, आता सामानाची यादी करा.”

वर्गनायकाने फळ्यावर भराभर यादी लिहिली. तंबू, सतरंज्या, बॅट, चेंडू, फरसाण, विजेऱ्या, ढोलकी! यादी फळा भरून खाली उतरली. गुरुजींनी ती शांतपणे वाचली आणि विचारले, “पाणी?”

वर्गनायक हसला. “गुरुजी, आपण तळ्यावरच तर चाललो आहोत!”

वर्गही हसला. गुरुजी मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, “त्या तळ्याचे पाणी पिता येत नाही.”

वर्ग स्तब्ध झाला. गुरुजींनी समजावून सांगितले, “विवर म्हणजे एक मोठा वाडगा. पावसाचे पाणी चारी बाजूंनी त्यात उतरते; झऱ्यांचे पाणीही येते. काठावरच्या गोमुखाची धार तर बारमाही आहे, आणि ते पाणी गोड असते. पण वाडग्यात आलेल्या पाण्यास बाहेर जाण्यास वाट नाही. ते केवळ उन्हाने आटते. मिठाचे पाणी तव्यावर आटविले तर काय होते? पाणी जाते, मीठ मागे राहते. हजारो वर्षे हेच चालले आहे. म्हणून ते पाणी खारट आहे आणि क्षारांमुळे साबणाच्या पाण्यासारखे बुळबुळीतही आहे. डोळ्यांपुढे अथांग पाणी आणि घसा कोरडा, अशी तेथे आपली गत होईल. वाळवंटात जाणारा माणूस जितका विचार करून निघतो, तितकाच विचार करून आपण निघाले पाहिजे.”

त्या दिवशी पहिली यादी पुसली गेली. मुलांनी वर्गाचे चार गट केले. एका गटाकडे वाट व परवानग्या, दुसऱ्याकडे पाणी व शिधा, तिसऱ्याकडे आरोग्य आणि चौथ्याकडे आकाश! चौथ्या गटाचे नाव ऐकून पुष्कळांना नवल वाटले. त्याचा उलगडा पुढे होईल.

पाण्याच्या गटाने गणित मांडले. विद्यार्थी ३६ आणि मोठी माणसे ४, मिळून ४० जण. प्रत्येकास दिवसाला पिण्यासाठी ३ लिटर पाणी धरले, तर दोन दिवसांचे २४० लिटर झाले. स्वयंपाक आणि भांडी ह्यांसाठी दरडोई ४ लिटर धरून आणखी ३२० लिटर. एकूण ५६० लिटर! आकडा पाहून मुलांचे डोळे विस्फारले. घरी रोज किती घागरी पाणी लागते, ह्याचा विचार त्यांनी कधी केलाच नव्हता. पिण्याचे पाणी २० लिटरच्या १२ कॅनांतून शाळेतूनच न्यावयाचे आणि वापरण्याचे पाणी मुक्कामाच्या जागी मागावयाचे असे ठरले. विवरात उतरताना प्रत्येकाच्या खांद्याला एक-एक लिटरच्या दोन बाटल्या असाव्यात, असाही नियम झाला.

शिध्याच्या बाबतीत एक अडचण पुढे आली. त्या वर्षी अवकाळी पावसाने कापूस भिजला होता. काही घरांना वर्गणी जड जाणार होती. कोणी तसे उघड बोलले नाही. परंतु तीन मुलांनी ‘आम्हांला काम आहे, आम्ही येणार नाही,’ असे सांगितले, तेव्हा गटातील मुलींच्या ध्यानात खरी गोष्ट आली. त्यांनी आचारी लावण्याचा बेत रद्द केला. पहिल्या दिवशीची शिदोरी प्रत्येकाने घरून आणावी, भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी असे टिकणारे पदार्थ असावेत, आणि रात्रीची खिचडी सर्वांनी मिळून रांधावी. अशाने वर्गणी निम्म्याहून कमी झाली. त्या तिघांचे ‘काम’ आपोआप संपले.

वाटेच्या गटाने नकाशा पसरला. शेगावहून पंढरपुरास जाणारा पालखीमार्ग लोणार, तळणी आणि मंठा ह्या गावांवरून जातो. त्याच रस्त्याने उलट दिशेस जावयाचे. वाटेत पूर्णा नदी ओलांडावी लागते. ही पूर्णा पुढे येलदरीच्या धरणातून वाहत जाऊन गोदावरीस मिळते. विदर्भातून जाऊन तापीस मिळणारी पूर्णा वेगळी, ही गोष्ट एका विद्यार्थ्याने मुद्दाम लिहून ठेवली.

मुक्काम विवरात, अगदी पाण्याच्या काठी करावा, अशी बहुतेकांची इच्छा होती. पण चौकशी करता कळले, की विवराचा परिसर २००० सालापासून अभयारण्य आहे. तेथे मोर, वानरे आणि नाना जातींचे पक्षी राहतात. परिसरात लांडगाही आहे. २०२० साली ह्या सरोवरास रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, स्थान मिळाले. अशा ठिकाणी रात्री तंबू ठोकणे योग्य नव्हे. “ते त्यांचे घर आहे,” एक मुलगी म्हणाली, “दिवसा विचारून पाहुणे म्हणून जावे, रात्री अंगणात पथारी पसरू नये.” मग दोन पत्रे लिहिली गेली. एक वनविभागास, दिवसा विवरात उतरण्याच्या परवानगीसाठी. दुसरे लोणारमधील एका शाळेच्या मुख्याध्यापकांस, पटांगणात तंबू ठोकू देण्याविषयी. दोन्ही पत्रे मुलांनी लिहिली, गुरुजींनी फक्त शुद्धलेखन तपासले. उत्तरे होकारार्थी आली.

आरोग्याच्या गटाने प्रथमोपचाराची पेटी सिद्ध केली. पट्ट्या, जंतुनाशक औषध, मीठ-साखरेच्या पुड्या, शिट्टी आणि जवळच्या रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक. पूर्ण पायांचे कपडे, बंद बूट, कपारीत हात न घालणे, मधमाश्यांच्या पोळ्याखाली आरडाओरड न करणे, वानरांना खाऊ न दाखवणे, असे नियम झाले. मग एका मुलाने विचारले, “गुरुजी, उतरणे कठीण की चढणे?”

“तूच सांग,” गुरुजी म्हणाले.

“डोंगर आधी चढावा लागतो, मग उतरावा लागतो. दमलो की परत फिरता येते. विवरात मात्र आधी उतार. माणूस मजेत खाली जातो आणि दमल्यावर चढ समोर येतो.”

“शाबास! म्हणजे खाली किती वेळ राहावयाचे हे कोठे ठरवले पाहिजे?”

“वर, काठावरच!”

मुलांनी वेळापत्रक केले. डिसेंबराच्या मध्यावर तेथे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. पण विवराच्या तळाशी पश्चिमेच्या काठाची सावली त्याआधीच उतरते. म्हणून दीड वाजता उतरावयाचे, साडेतीनला परत फिरावयाचे, मग कितीही मौज वाटो. उताराच्या मध्यावर एक शिक्षक १० लिटर राखीव पाणी घेऊन बसतील.

येथवर सारे सुरळीत झाले. परंतु पहिल्या बाकावरचा एक मुलगा गप्प होता. लहानपणी झालेल्या अपघाताने त्याचा एक पाय अधू झाला होता. सपाटीवर तो सर्वांबरोबर चाले. पण १५० मीटरचा तो उतार व चढ त्याला झेपणारा नव्हता. कोणी म्हणाले, त्याला पाठीवर घेऊन उतरू. त्याने मान हलवली. तो म्हणाला, “मला ओझे व्हावयाचे नाही. मला काम द्या.”

गुरुजींनी वर्गास एक माहिती सांगितली. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटात असेच एक अशनी-विवर आहे. त्याचा व्यास सुमारे १.२ किलोमीटर असून ते सुमारे १७० मीटर खोल आहे. १९६० नंतरच्या दशकात चंद्रावर जाणाऱ्या अंतराळवीरांना तेथे शिक्षण दिले गेले. तेथे येणाऱ्या प्रवाशांना तळाशी उतरू देत नाहीत. काठावर बांधलेल्या सज्जांवरूनच सारे विवर पाहतात. “काठावरून पाहणे म्हणजे कमी पाहणे नव्हे,” गुरुजी म्हणाले. “तळाशी असलेल्याला झाड दिसते, पाणी दिसते. सर्व काही एकाच वेळी दिसते ते काठावरून.”

मग त्या मुलाकडे काठावरच्या चौकीचे काम आले. सोबत एक शिक्षक आणि दोन विद्यार्थी. हातात घड्याळ, शिट्टी आणि लाल निशाण. दर पंधरा मिनिटांनी सावली कोठवर आली, ते वहीत रेखाटावयाचे. आणि साडेतीन वाजता तीन वेळा शिट्टी देऊन खाली गेलेल्यांना परत बोलवावयाचे. त्याची शिट्टी म्हणजे गुरुजींची आज्ञा, असे सर्वांनी मान्य केले.

शेवटी आकाशाच्या गटाने आपले गुपित उघड केले. दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशीतून तारे सुटताना दिसतात. ते खरे तारे नव्हेत. फेथॉन नावाची एक लहानशी खगोलवस्तू सूर्याभोवती फिरते. १९८३ साली तिचा शोध लागला. तिने मागे टाकलेल्या धुळीच्या पट्ट्यातून पृथ्वी जाते, तेव्हा ते कण वातावरणात शिरून जळतात. ह्यांनाच उल्का म्हणतात. पंचांग पाहता त्या दिवशी मार्गशीर्षातील वद्य पक्ष होता. चंद्र मध्यरात्रीनंतर उशिरा उगवणार होता. आकाश काळेभोर मिळणार! “अशनीने केलेल्या विवराच्या गावी उल्का पाहावयाच्या,” गटप्रमुख म्हणाली, “म्हणून हीच तारीख.”

निघण्याच्या आदल्या दिवशी गुरुजींनी शेवटचा प्रश्न विचारला, “काय न्यावयाचे ते ठरले. काय आणावयाचे नाही, ते ठरले का?”

एका विद्यार्थ्याचा चेहरा पडला. शाळेच्या संग्रहासाठी विवरातील दगड आणण्याचे त्याने मनाशी ठरविले होते. त्याने तसे बोलूनही दाखविले. गुरुजी म्हणाले, “विवराचे रहस्य कशाने उलगडले? दगडांनी. तेथील दगड हे त्या आघाताचे साक्षीदार आहेत. येणाऱ्या प्रत्येकाने एकेक साक्षीदार पळवून नेला, तर उद्याच्या शास्त्रज्ञाने कोणास विचारावे? २०२० च्या जून महिन्यात सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून सांगितले, की खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे हा रंग आला. ते तळे अजून नवी कोडी घालीत आहे. ती सोडविण्यासाठी सारे काही जागच्या जागी राहिले पाहिजे.” फळ्यावर अखेरची ओळ लिहिली गेली : ‘दगड आणू नये, कागद, पिशवी टाकू नये, झऱ्यावर साबण लावू नये. आणावयाची ती फक्त वही.’

ठरल्या दिवशी सकाळी सात वाजता गाडी निघाली. दैत्यसूदनाचे मंदिर पाहून, पटांगणात तंबू ठोकून, भाकरी खाऊन मुले दीड वाजता काठावर आली. पुढचा चमत्कार त्यांना वाचून ठाऊक होता. तरीही काठावर पोहोचताच सारी मुले क्षणभर मुकी झाली. मग रांगेने ती खाली उतरली.

खाली वेळ कसा गेला, ते कोणालाच कळले नाही. झाडांवर वानरे होती, वाटेत मोराचे पीस होते, पाण्यावर पक्ष्यांचे थवे होते. कोणी बोट बुडवून पाण्याचा बुळबुळीतपणा अनुभवला. इतक्यात वरून शिट्टी आली. एक, दोन, तीन! “आत्ताच कोठे आलो,” कोणी म्हणाले. “ऊन तर लख्ख आहे, आणखी थोडा वेळ थांबू.” काही मुले रेंगाळली. पुन्हा तीन शिट्ट्या आल्या. काठावर लाल निशाण जोराने हलू लागले. तेव्हा वर्गनायक म्हणाला, “आपण शब्द दिला आहे. चला.”

अर्ध्या चढावर एका मुलीला घेरी आली. तिच्या बाटल्या केव्हाच रिकाम्या झाल्या होत्या. परंतु राखीव पाणी तेथेच होते. मीठ-साखरेचे पाणी घेऊन, वीस मिनिटे सावलीत बसून ती उठली आणि हळूहळू चढून आली. सर्वजण काठावर पोहोचले तेव्हा पावणेपाच वाजले होते. मागे वळून पाहताच ते थबकले. ज्या जागी ते अर्धवट रेंगाळले होते, तेथे आता दाट सावली पसरली होती. आणखी अर्धा तास थांबले असते, तर घेरी आलेल्या मुलीला घेऊन अंधुक उजेडात ती घसरडी वाट चढावी लागली असती.

चौकीवरच्या मुलाने आपली वही पुढे केली. पानापानावर वाटोळे विवर होते आणि सावलीची कड पाण्यावरून पुढे सरकत होती, जणू एखाद्या अजस्र घड्याळाचा काटा. कडेला काठावरून दिसलेल्या पक्ष्यांच्या थव्यांच्या नोंदी होत्या. मुलांची रांग मुंगीसारखी दाखविली होती. खाली जाऊन आलेली मुले वहीवर वाकली. एकजण म्हणाला, “हे सारे आम्हांला खालून दिसलेच नाही!”

तो मुलगा हसून म्हणाला, “तुम्ही तळे पाहिले, मी विवर पाहिले. आता तुमच्या वह्या मला द्या, माझी तुम्ही घ्या. म्हणजे दोघांनाही दोन्ही पाहता येईल.”

रात्री खिचडी झाल्यावर पटांगणातले दिवे मालवले. मुले सतरंज्यांवर उताणी पडली. थंडी चांगलीच होती. मृग नक्षत्राच्या ईशान्येस पुनर्वसूचे दोन ठळक तारे वर आले होते. पहिली उल्का पडली तेव्हा मोठा कल्ला झाला. पुढे हळूहळू सारे शांत झाले आणि बोटांनी मोजू लागले. एवढेएवढेसे कण उंच आकाशात जळून नाहीसे होत होते. असाच एक पाहुणा कधी काळी फार मोठा होता, तो वाटेत जळून संपला नाही, आणि त्याने केलेली खूण आज दुपारी आपण डोळ्यांनी पाहिली, हा विचार मनात येऊन मुले गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या थंडीत त्यांनी काठावरून फेरी मारली आणि दुपारी गाडी मंठ्यास परतली. पिशव्या तपासल्या, तेव्हा एकाही पिशवीत दगड नव्हता. कॅन रिकामे होते, वह्या भरलेल्या होत्या.

ही सहल तडीस गेली ती नशिबाने नव्हे. निघण्याआधी पंधरा दिवस मुले जणू एका उंच काठावर उभी राहिली होती. तेथून त्यांनी वाट पाहिली, तहान पाहिली, थकवा पाहिला, आणि कोण मागे राहू शकेल तेही पाहिले. मगच ती खाली उतरली. कोणत्याही कार्यात उतरण्यापूर्वी असे काठावर क्षणभर उभे राहून सगळीकडे नजर टाकणे, ह्यालाच आखणी म्हणतात.

शब्दार्थ

विवर – खोल खळगा. अशनी – आकाशातून पृथ्वीवर येऊन आदळणारा दगड किंवा धातूचा गोळा. बारमाही – वर्षभर वाहणारा. एकवाक्यता – सर्वांचे एकमत. अजस्र – अतिशय मोठे. पथारी – अंथरूण. तडीस जाणे – नीट पूर्ण होणे.

स्वाध्याय

१. लोणारच्या सरोवराचे पाणी खारट का आहे, ते तव्याच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

२. ‘खाली किती वेळ राहावयाचे, हे वर काठावरच ठरवले पाहिजे,’ असे मुलांना का वाटले?

३. तीन मुलांनी सहलीस येण्याचे का नाकारले असावे? मुलींनी त्यावर कोणता उपाय शोधला?

४. ‘तुम्ही तळे पाहिले, मी विवर पाहिले.’ ह्या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा.

५. विवराचा व्यास १.८ किलोमीटर आहे. काठावरून एक पूर्ण फेरी मारल्यास सुमारे किती किलोमीटर चालावे लागेल? गणित करून सांगा.

६. ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ ह्या म्हणीचा अर्थ सांगा व ती वापरता येईल असा दुसरा प्रसंग लिहा.

७. आपल्या गावाजवळील एखादे स्थळ निवडा. तेथे एक दिवसाची सहल न्यावयाची आहे असे समजून चार गट पाडा व प्रत्येक गटाने कोणते प्रश्न विचारावेत त्यांची यादी करा. शेवटी ‘काय आणावयाचे नाही’ तेही लिहा.